एकाच टोळीचा माणूस

२०२२च्या जूनमध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. एकीकडे एक्केचाळीस वेळा करंडक नेलेली मुंबई, दुसरीकडे तोवर एकदाही न जिंकलेला मध्य प्रदेश. मुंबईच्या संघात कुलकर्णी, देशपांडे, तामोरे, पारकर. आमच्याकडे दुबे, शर्मा, पाटीदार, श्रीवास्तव. आडनावांवरून माणसाची बाजू ठरत असती, तर इंदूरच्या लोकमान्यनगर, राजेंद्रनगर या मराठी वस्त्यांत ते पाच दिवस मुंबईचा जयजयकार व्हायला हवा होता. झालं उलटंच. शेजारच्या काकांना दादरहून मावसभावाचा फोन आला. ‘अरे, मराठी असून तुम्ही आमच्याविरुद्ध?’ ऐंशीच्या घरातले काका टीव्हीवरून नजर न हटवता म्हणाले, ‘आमचा रजत शतक ठोकतोय आणि तू मराठीचं काय घेऊन बसलास? ठेव फोन.’ रजत पाटीदार इंदूरचा. त्याने १२२ केल्या, मध्य प्रदेशने सहा गडी राखून सामना जिंकला आणि राजेंद्रनगरात फटाके वाजले. आमचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मात्र पक्के मुंबईकर. १९९९मध्ये याच मैदानावर मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून ते अंतिम सामना हरले होते.

हेच काका गणेशोत्सवाच्या बैठकीत उभे राहून ‘मराठी माणसाने मराठी माणसाला धरून राहिलं पाहिजे’ असं तळमळीने सांगतात. तेही खरंच असतं. पुण्याला लेकीकडे गेले की तिथल्या लोकांनी त्यांच्या हिंदी वळणाच्या मराठीला हसलं की ते इंदुरी होतात, आणि ‘पोहे खायचे तर आमच्या सराफ्याच्या खाऊबाजारात या’ म्हणून वाद घालतात. एका माणसात तीन निष्ठा, आणि त्यांची एकमेकींशी मारामारी नाही. ज्या प्रश्नावर हा लेख आहे, त्याचं निम्मं उत्तर मला या काकांमध्ये दिसतं.

प्रश्न असा : आपल्या माणसांभोवती कोंडाळं करायचं, बाहेरच्यांकडे संशयाने बघायचं, ही जी टोळीची ओढ आपल्यात आहे, तिचं करायचं काय? एक पंथ म्हणतो, ही रानटी अवस्थेची खूण आहे, शिक्षणाने ती घालवा, ‘वसुधैव कुटुंबकम्’ शिकवा. दुसरा म्हणतो, हीच खरी ताकद, तिला धार लावा, आपली एकजूट करा, नाहीतर दुसरे आपल्याला खाऊन टाकतील. पहिल्या पंथाची भाषणं मी शाळेपासून ऐकत आलोय आणि त्यांनी कुणाचं काही बदललेलं पाहिलेलं नाही. दुसऱ्या पंथाचं मात्र लोक ऐकतात, आणि म्हणून त्याची भीती जास्त वाटते. माझं म्हणणं या दोघांहून वेगळं आहे. टोळीची ओढ जात नाही, जाऊही नये. माणूस एकाच टोळीचा उरला की ती ओढ धोक्याची होते. आणि माणूस किती टोळ्यांचा असेल, हे आपण आपल्या संस्था कशा बांधतो त्यावर ठरतं, म्हणजे ते बरंचसं आपल्या हातात आहे.

आधी ही ओढ किती स्वस्तात जागी होते ते पाहू. हेन्री ताजफेल हे मूळचे पोलंडमधले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना ते जर्मनांच्या हाती सापडले, युद्धकैदी म्हणून जगले, आणि सुटून आले तेव्हा घरचं जवळचं कुणी उरलं नव्हतं. पुढे मानसशास्त्रज्ञ झाल्यावर १९७०च्या सुमारास त्यांनी ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर काही प्रयोग केले. मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, आणि कुणाला कोणतं आवडलं त्यावरून गट पाडलेत असं सांगितलं. खरं तर गट वाटेल तसे पाडले होते. आपल्या गटात कोण आहे हे मुलांना माहीत नव्हतं, आपसात बोलणं नव्हतं, जुनं भांडण नव्हतं. मग प्रत्येकाला इतर मुलांमध्ये पैसे वाटायला दिले. स्वतःला काही घेता येत नव्हतं. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. इथपर्यंत नवल नाही. नवल पुढे आहे : दोन्ही गटांना भरपूर मिळेल असा पर्याय समोर असतानाही बरीच मुलं, आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण ‘त्यांच्या’पेक्षा अंतर राहिलं पाहिजे, अशा वाटणीकडे झुकत होती.

आपलं नुकसान करूनही समोरच्याला खाली ठेवायचं, आणि तेही ज्याला आपण ओळखत नाही अशा माणसाला, जी टोळी पाच मिनिटांपूर्वी अस्तित्वातच नव्हती तिच्यासाठी. हाउसिंग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला हजर राहिलेल्या कुणालाही यात ओळखीचं काहीतरी दिसेल. ए विंगला लिफ्ट नवी बसणार असेल तर बी विंगने आपली दुरुस्ती लांबणीवर पडली तरी बेहत्तर म्हणत ठराव पाडलेला मी स्वतः पाहिला आहे.

या ओढीची दुसरी बाजूही तितकीच खरी. डार्विनने १८७१मध्येच लिहून ठेवलं होतं की ज्या जमातीत एकमेकांच्या मदतीला धावणारी, समूहासाठी झीज सोसणारी माणसं जास्त, ती जमात इतरांवर मात करेल. म्हणजे परक्याशी वैर आणि आपल्यासाठी त्याग ही एकाच घरातली भावंडं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिल-मेमध्ये, ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रात्र रात्र फिरणारी पोरं बहुतेक कुठल्या ना कुठल्या टोळीचीच होती. कुणी गणेश मंडळाचं, कुणी गुरुद्वाऱ्याचं, कुणी मशिदीच्या कमिटीचं, कुणी कॉलेजच्या जुन्या बॅचचं. ‘मी मानवतेचा’ म्हणून एकट्याने बाहेर पडलेला माणूसही असेल, पण त्याला सिलिंडर कुठे मिळतो हे सांगणारा व्हॉट्सॲप ग्रुप नव्हता. टोळी नसेल तर चांगलं काम करायलाही हात पुरत नाहीत. म्हणून टोळ्या मोडा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

मग वैर कमी आणि झीज जास्त, असं कसं घडवायचं? इथे मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञांचा १९५४चा प्रयोग पुन्हा पुन्हा सांगितला जातो, आणि सांगताना त्यातला महत्त्वाचा भाग बहुतेक वेळा गाळला जातो. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका उन्हाळी शिबिरात अकरा-बारा वर्षांची बावीस मुलं आणली. एकमेकांना न ओळखणारी, एकाच धर्माची, एकाच आर्थिक वर्गातली. त्यांचे दोन गट केले आणि आधी दोघांना एकमेकांचा पत्ताही लागू दिला नाही. गटांनी स्वतःला नावं घेतली, ‘गरुड’ आणि ‘खडखड्या साप’ अशा अर्थाची. मग स्पर्धा लावल्या : बेसबॉल, रस्सीखेच. काही दिवसांत शिवीगाळ, झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी. हे सगळे सांगतात. गाळतात ते हे : शेरीफने आधी त्यांना नुसतं एकत्र आणून पाहिलं. एकत्र जेवण, एकत्र सिनेमा. त्याने काही झालं नाही. जेवणाच्या टेबलावर एकमेकांना अन्न फेकून मारलं गेलं. मग शिबिराचं पाणी बंद पडलं (पाडलं) आणि टाकीपासूनची लाइन शोधायला दोन्ही गटांना जावं लागलं. त्यानंतर जेवण आणणारा ट्रक सुरूच होईना. मुलांनी तो दोर लावून ओढला, आणि दोर कोणता? रस्सीखेचीचाच. काही दिवसांपूर्वी ज्या दोराच्या दोन टोकांना ती एकमेकांविरुद्ध झटत होती, तो आता सगळी एकाच दिशेला ओढत होती. परतीच्या प्रवासाला दोन्ही गटांनी एकच बस मागितली, आणि एका गटाने स्पर्धेत जिंकलेले पाच डॉलर सगळ्यांना माल्टेड मिल्क पाजण्यात खर्च केले.

आपल्याकडच्या ‘सद्भावना’ कार्यक्रमांचा बोजवारा का उडतो, हे त्या मधल्या अपयशात आहे. आपण नेमकं एकत्र जेवण आणि एकत्र सिनेमा यावर थांबतो. ईदला शीरखुर्मा, दिवाळीला फराळ, व्यासपीठावर सगळ्या धर्मांचे गुरू, फोटो. कुणाला कुणाच्या हाताची गरज लागेल असं काम त्यात नसतं.

याच शेरीफचा त्याआधीचा, १९५३चा एक प्रयत्न फसला होता, आणि मला तो गाजलेल्या प्रयोगापेक्षा जास्त शिकवून जातो. तिथे मुलं आधी दोन दिवस सगळी एकत्र राहिली होती, दोस्त्या झाल्या होत्या, आणि मग त्यांचे गट पाडले. संशोधकांनी कागाळ्या लावून पाहिल्या, सामान लपवून पाहिलं. मुलं भांडायला तयार होईनात. उलट ही मोठी माणसंच काहीतरी करतायत असा त्यांना संशय आला. नवी रेष आखताना तिच्या पलीकडे आधीचा मित्र उभा होता, म्हणून ती रेष पक्की होईना.

रेष कशी आखली जाते यावर सगळा खेळ आहे, हे समजायला इंदूरकराला ओक्लाहोमापर्यंत जायची गरज नाही. आपल्या क्रिकेटचाच इतिहास पुरे. मुंबईत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सगळ्यात गर्दी खेचणारी स्पर्धा धर्मावर आखलेली होती : हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, १९३७पासून ‘इतर’ हाही पाचवा संघ. सी. के. नायडू हिंदूंकडून खेळत, मुश्ताक अली मुस्लिमांकडून. गांधीजींनी १९४०मध्ये या स्पर्धेबद्दल नापसंती उघड बोलून दाखवली आणि १९४५-४६नंतर ती बंद झाली. त्याच काळात इंदूरला होळकर संघ उभा राहिला. तिथे नायडू कर्णधार, इंदूरचेच मुश्ताक अली सलामीला, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, सागरचे चंदू सरवटे. या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. माणसं तीच, खेळ तोच, प्रेक्षकांची बेभान निष्ठाही तीच. एका आखणीत नायडू आणि मुश्ताक समोरासमोर, दुसऱ्या आखणीत ते एकाच ड्रेसिंग रूममध्ये. टोळीची ओढ दोन्हीकडे सारखीच तीव्र होती. पहिलीत दोन समाजांच्या वाढत्या तेढीला मैदान मिळत होतं, दुसरीत मिळत नव्हतं.

‘मग बाहेरचा प्रतिस्पर्धी दाखवला की आतले सगळे एक होतात, हेच खरं सूत्र’ असं कुणी म्हणेल. राजकारणात हे सूत्र रोज वापरलं जातं. त्यावर पाळवणकर बाळू यांचं उदाहरण आठवावं. चांभार समाजात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज इतका तयारीचा होता की युरोपियनांना हरवायचं तर त्याच्यावाचून हिंदू संघाचं चालेना. घेतलं त्याला. चेंडूला सगळ्यांनी हात लावला. पण पुण्यात चहाच्या वेळी बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळत असे. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही त्यांना हिंदू संघाचं कर्णधारपद कधी मिळालं नाही. ते त्यांच्या भावाला, विठ्ठल यांना, १९२३मध्ये मिळालं. तेही बऱ्याच भांडणांनंतर आणि लोकांच्या दबावानंतर. समान शत्रूने आणलेली एकी सामना संपला की कशी विरते, त्याचं हे उदाहरण. बाळूंच्या बाजूने जे बदललं ते वर्षानुवर्षं एकत्र खेळल्याने, आणि उघड मागणी केल्याने. शत्रू दाखवून एकी करणाऱ्यांना पुढच्या वेळी आणखी मोठा शत्रू लागतो, आणि आतल्या चहाच्या भांड्याकडे बघायला कुणाला फुरसत होत नाही.

आता आमच्या शहराच्या अभिमानाच्या गोष्टीकडे येतो. २०१६च्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर पंचविसावं होतं. २०१७ला पहिलं आलं, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं पहिलंच. (२०२३च्या क्रमवारीत सुरतसोबत.) यात यंत्रणेचा वाटा मोठा : घराघरातून कचरा उचलणाऱ्या गाड्या, उगमापाशीच ओला-सुका वेगळा करण्याची सक्ती, दंड, देवगुराडियाच्या जुन्या कचऱ्याच्या डोंगरांची विल्हेवाट, २०२२ला सुरू झालेला दिवसाला ५५० टन ओला कचरा पचवणारा बायो-सीएनजी प्रकल्प. पण यंत्रणा इतर शहरांनीही उभारल्या. इंदुरात जे जास्तीचं होतं ते टोळीचं होतं. ‘आपण पहिले’ ही भावना सराफ्यात रात्री दीडला गराडू (तळलेला कंद) खाणाऱ्या कॉलेजच्या पोरापर्यंत पोचली. त्याच्या मित्राने कागदाचा द्रोण रस्त्यावर टाकला तर तो म्हणतो, ‘भिया, भोपाळवाला है क्या?’ आणि मित्र ओशाळून द्रोण उचलतो. एकाच वाक्यात आपलेपणा, परक्याची टिंगल आणि शिस्त. नागरिकशास्त्राच्या धड्याने हे होत नाही. शिवाय ही टोळी जात, धर्म, भाषा विचारत नाही. कचरागाडीच्या मागे धावताना सिंधी काकू, बोहरा चाचा आणि आमच्या जोशीवहिनी एकाच ओळीत असतात. रंगपंचमीला राजवाड्यावरून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, लाखो माणसं गुलालात न्हातात, आणि काही तासांत रस्ते धुऊन निघतात. त्या दिवशी झाडू मारणाऱ्या सफाई कामगारांबद्दल शहराला खरोखरचा आदर वाटतो. निदान त्या दिवशी तरी.

इथपर्यंत ही कथा सगळे सांगतात. पण २०२५च्या डिसेंबरअखेर याच शहरात, भागीरथपुऱ्यात, नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि माणसं मेली. पाण्याला वास येतोय अशी तक्रार रहिवासी आधीपासून करत होते. तांत्रिक चूक, निविदांची दिरंगाई, अधिकाऱ्यांची बेपर्वाई, ज्याचं माप त्याच्या पदरात पडो. मला खटकते ती आपली, नागरिकांची, वागणूक. ‘पहिल्या क्रमांकाच्या’ शहरात पाण्याची तक्रार करणारा माणूस आपल्याला कुरकुऱ्या वाटू लागला होता. शहराची बदनामी करतो, असं सरळ तोंडावर म्हटलं जायचं. टोळीचा अभिमान वाढला की टोळीतल्या दुखणाऱ्या भागाकडे बोट दाखवणारा फितूर ठरतो, आणि ज्या वस्तीचा आवाज आधीच बारीक, तिचा तो आणखी बारीक होतो. रस्ता दिसतो, त्याला गुण मिळतात. जमिनीखालची पाइपलाइन दिसत नाही.

इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठात मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात हीच मर्यादा निराळ्या अंगाने दिसते. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना आधी आपल्या संघाविषयी लिहायला लावलं, आणि मग वाटेत एक माणूस पडून विव्हळताना दिसेल अशी योजना केली. अंगात युनायटेडचा शर्ट असेल तर मदत मिळाली, लिव्हरपूलचा असेल तर फारशी नाही. दुसऱ्या वेळी चाहत्यांना ‘फुटबॉलप्रेमी’ म्हणून लिहायला लावलं. तेव्हा लिव्हरपूलवाल्यालाही मदत मिळाली. वर्तुळ मोठं झालं. पण अंगात साधा शर्ट असलेला, कुठल्याच संघाचा नसलेला माणूस तेव्हाही बहुधा तसाच पडून राहिला. वर्तुळ मोठं करणं चांगलंच. बाहेर कोण राहिला हे मात्र प्रत्येक वेळी पाहावं लागतं.

एक आक्षेप गंभीर आहे. टोळीवृत्तीची अशी चर्चा केली की दंगल, बहिष्कार, जातीय अत्याचार यांना ‘माणसाचा स्वभावच’ म्हणून सूट मिळते. ती मिळता कामा नये. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम हिंसेचा अभ्यास केला. त्यात दिसलं की बळींपैकी जवळजवळ निम्मे फक्त आठ शहरांत गेले, आणि खेड्यांचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी होता. (त्या आठांत आपल्या मराठी माणसांचं जुनं बडोदंही आहे.) स्वभाव सगळीकडे सारखा, मग हिंसा मूठभर शहरांतच का? दंग्यांचं कारण नुसता स्वभाव नसतो. कुणीतरी तो पेटवतं, आणि काही शहरांत पेटवणं सोपं असतं. सोपं कुठे नसतं? जिथे धंदा, कामगार संघटना, व्यावसायिक संस्था, पक्ष यांत दोन्ही समाजांची माणसं एकमेकांत गुंतलेली आहेत. लखनौच्या चिकन भरतकामात व्यापारी आणि कारागीर एकमेकांवाचून अडतात. अफवा उठली की तिथे फोन करायला कुणीतरी असतं. इंदुरानेही १९८९ आणि २००८ला संचारबंदी पाहिली आहे. आपण त्यातून सुटलेलो नाही.

गिरण्यांचा काळ आठवला की मला म्हणूनच हळहळ वाटते. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, भंडारी : एकेका गिरणीत हजारो कामगार, मालवी, मराठी, उत्तर प्रदेशातले, राजस्थानातले. अनंत चतुर्दशीला प्रत्येक गिरणीची झाँकी, म्हणजे चित्ररथ, निघायची. अमुक गिरणीने यंदा समुद्रमंथन केलंय, हत्ती खरोखर सोंड हलवतो म्हणे, अशी महिनाभर आधीपासून हेरगिरी चालायची. चुरस टोकाची, पण मिरवणूक एकच, रस्ता एकच, बक्षीस देणारे परीक्षक एकच. गिरण्या नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून एकेक करून बंद पडल्या. हुकुमचंदच्या कामगारांना थकलेली देणी मिळायला २०२३चा डिसेंबर उजाडला. तोवर कित्येक जण वर गेले होते. झाँक्या मात्र निघतच राहिल्या. वर्गणी काढून, उसनवारी करून, महापालिकेपुढे हात पसरून. ज्या टोळीचं पोटच कापलं गेलं ती केवळ नावासाठी रात्र रात्र बल्ब लावत बसली. गिरणी ही नोकरी होती तशी ती भाषा आणि जात ओलांडणारी टोळीही होती, आणि ती गेल्यावर तिच्या जागी दुसरी काही आली नाही. आयटी पार्कातल्या टीमा दर दोन वर्षांनी बदलतात. वस्त्या मात्र अधिकाधिक एकजिनसी होत चालल्या आहेत. फ्लॅट भाड्याने देताना ‘फॅमिली कोण, कुठले?’ या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना कळतो.

म्हणून आमच्या मराठी संस्थांकडे वळतो. इथे दर बैठकीत एक रड ठरलेली : सिंधी बघा, अग्रवाल बघा, गुजराती बघा, कसे एकजूट, आपला मराठी माणूस म्हणजे टोपलीतला खेकडा, वर चढणाऱ्याचा पाय ओढणारा. ही खेकड्याची गोष्ट मी बंगाल्यांकडून बंगाल्यांबद्दल आणि मल्याळींकडून मल्याळींबद्दल ऐकली आहे, त्यामुळे तिच्यावर माझा विश्वास उरलेला नाही. आणि इंदूरच्या मराठी माणसात एकी नाही हे खोटंच आहे. ‘सानंद’ या इथल्या मराठी संस्थेचं नाटक पाच प्रेक्षकसमूहांसाठी पाच वेळा होतं, रामूभैया दाते समूह, मामा मुजुमदार समूह अशी त्यांची नावं. वर्षानुवर्षं तीच खुर्ची, शेजारी तेच चेहरे, आणि ‘काल तुमच्या समूहाला विनोद कळले का?’ अशी फिरकी. महाराष्ट्रापासून इतक्या दूर मराठी रंगभूमीला असा हक्काचा प्रेक्षक टिकला आहे, तो या टोळीपणामुळेच. माझी तक्रार एकी कमी असल्याची नाही.

तक्रार आहे ती आपण माणसांना पाहुणे म्हणून बोलावतो, भागीदार म्हणून घेत नाही याची. कॉलनीच्या गणेशोत्सवात आरतीचा मान देण्यासाठी शेजारच्या वर्मांना, खानसाहेबांना, सरदारजींना अगत्याने बोलावतो. शाल, श्रीफळ, टाळ्या. कार्यकारिणीत, वर्गणीच्या वहीवर, मंडपाच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्यात खेटे घालताना, विसर्जनाच्या रात्री ट्रकवर, तिथे मात्र ‘आपलेच’ लागतात. हा फरक मोजला गेलेला आहे. उत्तर प्रदेशात मॅथ्यू लो या अर्थतज्ज्ञाने वेगवेगळ्या जातींच्या बाराशेहून अधिक तरुणांची क्रिकेट लीग भरवली. काहींना मिश्र जातींच्या संघात टाकलं, काहींना एकजातीय. एकाच संघात खेळलेल्यांत जात ओलांडून मैत्री वाढली. इतर जातींच्या खेळाडूंशी जे जास्त करून प्रतिस्पर्धी म्हणून भिडले, त्यांच्यात ती उलट घटली. इराकमध्ये साल्मा मूसा यांनी ख्रिस्ती आणि मुस्लिम फुटबॉलपटूंवर केलेल्या प्रयोगात सोबत्यांशी वागणूक सुधारली, पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांबद्दलचं मत फारसं बदललं नाही. म्हणजे एका लीगने, एका उत्सवाने समाज बदलेल असा भाबडेपणा नको. एकत्र काम पुष्कळ ठिकाणी आणि पुष्कळ काळ लागतं. १९५३च्या शिबिरातल्या मुलांसारखा, रेषेपलीकडे आधीपासून कुणीतरी आपला असावा लागतो.

यावर आमच्या मंडळातल्या एका ज्येष्ठांचा मुद्दा मी टाळू शकत नाही. ते म्हणतात, ‘बाबा, सगळ्यांना आत घेतलं की कार्यक्रमाचं हिंदी होतं. आधी सूत्रसंचालन, मग गाणी, मग पाच वर्षांत नाटकही. आपल्या नातवंडांना मराठी ऐकायला मिळते ती याच दहा दिवसांत.’ हे खरं आहे, आणि परमुलखातल्या मराठी माणसाची ही भीती महाराष्ट्रात बसून कळायची नाही. भाषेसाठी बंद दाराची एक खोली हवीच. नाटक मराठीतच असावं, बालनाट्य शिबिर मराठीतच असावं, ग्रंथालय मराठीच असावं. पण मंडपाच्या विजेचं काम, रक्तदान शिबिर, निर्माल्याची व्यवस्था, हिशेब, यांना मराठी बोलता येण्याची अट कशाला? ही खाती कॉलनीची म्हणून चालवावीत, त्यांचा प्रमुख बिगरमराठी असावा, आणि त्याला पैसे खर्च करायचा खराखुरा अधिकार असावा. अधिकार नसेल तर तो पुन्हा पाहुणाच.

आणि आणखी एक, जे बोलल्यावर चहा जरा गार होतो : ‘आपण मराठी’ या वर्तुळाच्या आतही रेषा आहेत. ज्या होळकरांच्या नावाने आपण इंदूरवर हक्क सांगतो ते धनगर. अहिल्याबाईंची पालखी सगळे खांद्यावर घेतात. पण आपल्या किती मराठी संस्थांच्या कार्यकारिणीत धनगर, बौद्ध, मातंग आडनावं आहेत, हे कुणीही आपल्या संस्थेच्या वार्षिक अहवालाचं शेवटचं पान उघडून बघू शकतं. बिगरमराठी शेजाऱ्याला खजिनदार करण्याआधी हे करावं की नंतर, यावर वाद होऊ शकतो. माझ्या मते बरोबरच करावं, कारण एका वेळी एकच रेष पुसू म्हणणारे बहुधा पहिलीपाशीच थांबतात. आमच्या मंडळाची कार्यकारिणी आषाढात निवडली जाते. हे दोन्ही प्रस्ताव मी लेखी देणार आहे. पहिल्याला हो म्हणणारे बरेच निघतील. दुसऱ्यावर ‘हा विषय आत्ताच कशाला’ असं कोण म्हणणार, त्यांची नावंही मला आजच सांगता येतील.